आखाजी, माद्रिद आणि कडता

२०२५ ची आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय तृतीया, ३० एप्रिलला आली होती. चोपडा तालुक्यात तापीकाठी माझं माहेर. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, त्यावर पोरीबाळी गौराईची गाणी म्हणत होत्या, मागच्या दारी चुलीवर खापर तापलेलं आणि घरभर आमरसाचा वास. पुरुष मंडळी पारावर, पत्त्यांच्या डावात. आखाजीचा पत्ता खान्देशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सालदाराचं साल त्या दिवशी संपतं, हिशेब होतो, शेतात काम नसतं आणि ऊन असं की जनावरही सावली सोडत नाही. माझे आजोबा वर्षभर घरात जुगाराचं नाव काढू देत नसत. आखाजीचे दोन दिवस मात्र पाराकडे पाठ करून बाजेवर पडून राहायचे. दिसलं नाही म्हणजे झालं नाही.

बहिणीचा मुलगा पारावर नव्हता. कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून एकटाच मोबाइलकडे बघत बसला होता. मी रसाची वाटी घेऊन गेले, तर मान वर न करता म्हणाला, "मावशी, हाई पोर जिंकी का?"

पोर म्हणजे टेनिसपटू इगा स्वियाटेक. माद्रिदच्या लाल मातीवर महिलांची उपांत्यपूर्व लढत चालू होती आणि समोर होती मॅडिसन कीज. पहिला सेट स्वियाटेक ०-६ असा हरून बसली होती. भाच्याने सकाळीच तिच्यावर दोन हजार लावले होते, जिंकली तर सहाशे सुटणार. टेलिग्रामवर कुणीतरी हिंदीत सामन्याचं भाकीत टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सेफ'. ते सहा गेम गेल्यावर त्याचा धीर सुटला आणि 'कव्हर' म्हणून, म्हणजे नुकसान भरून काढायला, त्याने आणखी दोन हजार कीजवर टाकले. मी वाटी पोत्यावर ठेवली आणि शेजारी बसले. पुढचे दोन सेट स्वियाटेकने ६-३, ६-२ असे काढले.

त्याचा सकाळचा अंदाज अगदी बरोबर निघाला होता. आणि खिशातले चौदाशे गेले होते.

"फिक्स होती," तो म्हणाला.

मला त्या दोन शब्दांचा जेवढा राग आला, तेवढा त्या चौदाशे रुपयांचा आला नाही. हरलेल्याला प्रत्येक मॅच फिक्स वाटते हे खरं, पण मी शेजारी बसून पाहत होते. एक बाई सेटभर चेंडूच्या मागे धावत होती, तिला लय सापडत नव्हती, मग तिने ती शोधली. तेवढंच घडलं होतं. पाहण्यासारखं जे होतं ते हेच, आणि नेमकं तेच त्याला दिसलं नाही. तो स्कोअरकडे बघत होता, त्याच्या बाजूला हलणाऱ्या सट्ट्याच्या भावाकडे बघत होता. चित्र तर त्याच्या स्क्रीनवर नव्हतंच, नुसते आकडे होते. खेळ पाहायला त्याने माझा फोन मागितला.

मी जळगावच्या एका दैनिकात बरीच वर्षं क्रीडा पान लावलं. ग्रँड स्लॅम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी 'कोण मारणार बाजी?' छापाच्या मथळ्याखाली एक मजकूर जायचा, तो बहुधा माझा असायचा. जाहिरात आली की टेनिस उडायचं, आणि टेनिसमध्येही महिलांचं आधी उडायचं. तरी त्या मजकुरावर माझा जीव होता. आपल्या भाषेत भाकीत वर्तवतात आणि अंदाज बांधतात. हा फरक मला मोलाचा वाटतो. वर्तवायला अंगात यावं लागतं, बांधायला हाताशी माल लागतो.

त्या माद्रिदच्या सामन्याचा अंदाज कसा बांधला असता? आदल्या वर्षी ह्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत स्वियाटेकने कीजला ६-१, ६-३ असं गुंडाळलं होतं आणि पुढे विजेतेपदही घेतलं होतं. पण जानेवारीत मेलबर्नच्या हार्ड कोर्टवर कीजने मॅच पॉइंट वाचवून तिला हरवलं आणि ऑस्ट्रेलियन ओपन नेली. माद्रिदला माती आहे, म्हणजे चेंडू उसळून येतो, रॅली लांबतात आणि स्वियाटेकच्या फोरहँडला वेळ मिळतो. पण माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे. तिथली हवा पातळ, चेंडू सुसाट जातो, म्हणजे कीजसारख्या जोरात मारणारीचं फावतं. माती एकीकडे, हवा दुसरीकडे. त्यात दोन दिवस आधी, २८ एप्रिलला, अख्ख्या स्पेनची वीज गेली आणि खेळ थांबला. कोको गॉफ सामना जिंकून कोर्टवर मुलाखत देत होती तेवढ्यात माइक मुका झाला. आपण भारनियमनात वाढलेली माणसं, आपल्याला त्याचं काय! पण कुठल्याच जाणकाराच्या गणितात ती वीज नव्हती, हे खरं.

शिवाय महिलांची लढत तीन सेटची असते, आणि सर्व्हिस पुरुषांच्या खेळाइतकी अभेद्य नसते. ब्रेक, म्हणजे सर्व्हिस करणारीनेच गेम गमावणं, जास्त होतात. त्यामुळे सहा गेम ओळीने गमावलेली बाई परत येते यात चमत्कार काही नाही. २०१७ ते २०२५ या काळात विम्बल्डन आठ वेळा झाली (२०२० ला झालीच नाही) आणि महिला एकेरीत आठ वेगवेगळ्या विजेत्या निघाल्या. २०२३ ची वोंद्रोउशोवा तर मानांकनातही नव्हती. २०२१ ला एमा रादुकानू पात्रता फेरीतून आली आणि दहा सामन्यांत एकही सेट न हरता अमेरिकन ओपन घेऊन गेली. तेव्हा तिचा क्रमांक १५० होता.

या खेळाला 'बेभरवशाचा' म्हणतात. मी स्वतः मथळ्यात तो शब्द वापरला आहे, एकदा नव्हे. आता विचार करते तर वाटतं, हा शब्द आला कुठून? प्रेक्षकासाठी रादुकानूचे ते तीन आठवडे म्हणजे जन्मभर सांगायची गोष्ट. ज्याचे पैसे अडकलेत त्याच्यासाठी तो घोटाळा. 'भरवसा' हवा असतो तो पैसे लावणाऱ्याला. त्याची तक्रार आम्ही लिहिणाऱ्यांनी उचलली आणि महिलांच्या खेळाचा दोष म्हणून छापली.

आता थोडा हिशेब, कारण भाच्याला मी तोच पोत्यावर खडूने लिहून दाखवला. समजा दोघी तोडीस तोड आहेत. मग दोघींवर शंभराला दोनशे मिळायला हवेत. पण भाव निघतो १.९० आणि १.९०. एकाने हिच्यावर शंभर लावले, दुसऱ्याने तिच्यावर शंभर. गल्ल्यात आले दोनशे, जिंकणाऱ्याला दिले एकशे नव्वद, दहा तिथेच राहिले. कोण जिंकली याच्याशी त्या दहांचा संबंध नाही. बाजारात माल नेला की व्यापारी क्विंटलमागे किलो-दोन किलोचा कडता धरतो, तसाच हा कडता. फरक इतकाच की तिथला कडता दिसतो, त्यावर काट्याजवळ भांडता येतं, बाजार समितीच्या दारात बसता येतं. इथला भावातच मुरलेला असतो. अख्खी स्पर्धा कोण जिंकणार यावर लावाल तर तो आणखी मोठा, पण बत्तीस नावांत पातळ करून वाटलेला, म्हणून डोळ्यांत खुपत नाही. दर दुसऱ्या गेमला भाव बदलतो, दर बदलाला माणूस 'कव्हर' करतो आणि प्रत्येक कव्हरला पुन्हा कडता. भाचा एका सामन्यात दोनदा कापला गेला. दोन्ही वेळेला त्याला वाटत होतं की आपण डोकं लावतोय.

तो काही मुकाट ऐकणारा नाही. म्हणाला, "बाप दरसाल कपाशी लावस, तो काय जुवा नही?"

ह्या प्रश्नाला पटकन उत्तर देता येत नाही, आणि जे देतात त्यांनी बहुधा कपाशी लावलेली नसते. माझ्या मेव्हण्याने गेल्या काही वर्षांत काय काय पाहिलं: बोंडअळी, परतीचा पाऊस, वेचणीला मजूर नाही म्हणून काळी पडलेली बोंडं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये कागदावर होता. दारात येणारा खेडा खरेदीवाला ओलाव्याचं नाव सांगून काय हातावर ठेवतो ते ज्याचं त्याला ठाऊक. यात नशीब नाही असं कोण म्हणेल? भाषासुद्धा भाच्याच्याच बाजूने उभी राहते. कपाशी लावायची, पैसेही लावायचे. कापसाला भाव, बाईलाही भाव.

तरीही नाही. मेव्हणा जे लावतो त्याला तो पाणी देतो, निंदतो, फवारतो. रात्री वीज आली की उठून पंप सुरू करायला जातो. भाव पडला तरी घरात कापूस येतो, सरकी येते, पऱ्हाट्यांचं सरपण येतं. भाच्याने जे लावलं त्याला तो बोटही लावू शकत नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मेव्हण्याला न लावण्याची सोय नाही.

कापसाचं आणि आकड्याचं नातं तर आणखी जुनं आहे, आपल्याकडे ते फारसं कुणी सांगत नाही. मटक्याचा जन्म कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात यायचे, आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ च्या सुमाराला ते भाव येणं थांबलं, तर धंदा थांबला का? चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढायला लागले, पुढे पत्ते पिसून काढायला लागले. कापूस गळून पडला, आकडा राहिला. ज्यांच्या मालावरून हा खेळ सुरू झाला त्या कापूसवाल्याला त्यातून दमडी मिळाली नाही. आकडा लावणाऱ्याने बोंड पाहिलेलं असण्याची गरजच नव्हती.

माझं म्हणणं इथेच येऊन ठेपतं. टेनिसपटू मुलगी ही आता कापसाच्या जागी आहे.

मोठ्या स्पर्धा सोडा, तिथे बक्षिसाचे पैसे आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बक्षीस एकूण १५ हजार डॉलर असतं, सगळ्या खेळाडूंत मिळून. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये नोंदवलं की नावापुरते व्यावसायिक असलेले खेळाडू पंधरा हजारांच्या आसपास आहेत आणि प्रशिक्षकाचा खर्च न धरताही ज्यांची तोंडमिळवणी होते असे अडीचशे ते साडेतीनशेच. अशा रिकाम्या स्टँडसमोरच्या सामन्यात पंच खुर्चीवर बसून टॅबलेटवर गुण दाबतो आणि तो गुण त्या क्षणी जगभरच्या बेटिंगवाल्यांना विकला जातो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने हा डेटा विकण्याचा करार २०१२ च्या सुमारालाच केला होता. सर्वांत खालच्या पातळीवर ही विक्री बंद करा, असं त्याच समितीने सुचवलं. जिथे खेळाडू उपाशी आणि तिच्या प्रत्येक गुणावर कुणाचे तरी पैसे, तिथे काय उगवणार? बेल्जियममध्ये २०२३ मध्ये ग्रिगोर सार्गस्यान नावाच्या इसमाला सामने फिक्स केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या जाळ्यात १८० हून जास्त खेळाडू सापडले होते. त्या खेळाडूंचं मी समर्थन करत नाही. पण फिक्सिंग हा मुख्यतः हाव सुटलेल्या खेळाडूचा प्रश्न आहे, ही आपली समजूत मला पटत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी मला क्रीडा पान लावताना कधी सुचली नव्हती.

अंदाज जितका नेमका हवा, तितकी त्याला आतली माहिती लागते. कोर्ट, हवा, चेंडू, आधीच्या सामन्यांतली दमछाक, इथवर ठीक. पुढे काय? २०२२ च्या फ्रेंच ओपनमध्ये चीनची झेंग किनवेन स्वियाटेकविरुद्ध पहिला सेट जिंकली आणि मग पुढचे दोन ०-६, २-६ असे हरली. पाय दुखावला होता, आणि पाळीचा पहिला दिवस होता. सामन्यानंतर तिने हे मोकळेपणाने सांगितलं. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं, आपल्याकडे शाळेच्या मैदानावरच्या पोरी हे सांगायला किती कचरतात ते मला माहीत आहे. पण बेटिंगवाल्याच्या नजरेने हीच गोष्ट पाहा. ही 'माहिती' झाली. पुढच्या महिन्याचा हिशेब कुणीतरी मांडणारच. तिचा साखरपुडा मोडला, माहिती. डॉक्टरकडे गेली, माहिती. आई होऊन परतली, वजन वाढलं, कोचशी बोलणं बंद आहे, सगळी माहिती.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस मी पाहिलाय. ओठ उचलून दात बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो, खूर ठोकून बघतो, चार पावलं चालवतो. पण तो घोडा तो घरी नेणार असतो, चारणार असतो, आजारी पडला तर रात्र जागणार असतो. त्या चौकशीमागे निदान जबाबदारी असते. ही मुलगी आपल्याला एका दुपारपुरती हवी असते, आणि दात मात्र तसेच बघायचे असतात. नुसत्या कुतूहलाला रीतभात अडवते. पैसे लागले की रीतभात ओलांडायला निमित्त मिळतं.

त्यातून पुढचं जे येतं ते मग वेगळं राहत नाही. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२५ च्या जूनमध्ये आदल्या वर्षाची मोजदाद जाहीर केली: ४५८ खेळाडूंना लिहिलेल्या सुमारे ८,००० शिवीगाळीच्या पोस्ट, आणि त्यातल्या ४० टक्के पैसे हरलेल्यांच्या. कॅरोलिन गार्सियाने २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरल्यावर तिला काय काय लिहून आलं ते जगासमोर ठेवलं होतं. एकेकाळी जगात चौथ्या क्रमांकावर असलेली बाई, आणि लोक तिला मरायला सांगत होते.

मी भाच्याला विचारलं, "तू कधी लिहिलंस का रे असं कुणाला?"

त्याने फोन पोत्यावर पालथा ठेवला आणि रसाची वाटी उचलली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच आठवड्यात, १९ तारखेपासून, सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. एकाच आठवड्यात दोन डावांचे नियम बदलले आणि आमच्या घरात दोन्हींची झळ पोचली, एवढंच नमूद करते.

कायदा मला मान्य आहे. खेळणाऱ्याला सोडलं हे तर फारच बरं केलं. गुन्हेगार ठरवलेल्या पोराने घरी सट्ट्याचं कर्ज सांगितलं नसतं. पण भाच्याचे पैसे लावून घेणाऱ्या एजंटाने काय केलं? नंबर बदलला. नवी आयडी, नवं पॅनल, जुनी बाकी मात्र वहीत तशीच. आमच्याकडे आकडा १८८७ च्या कायद्यानेही बंदच आहे, आणि कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडमागे विचारा.

बंदीला विरोध करणारे म्हणतात, त्यापेक्षा परवाने द्या, कर घ्या, नजर ठेवा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. टेनिसच्या नियामक यंत्रणेला संशयास्पद सामन्यांचे इशारे येतात ते परवानाधारक बेटिंग कंपन्यांकडूनच; चोरबाजार असे इशारे देत नाही. पण ब्रिटनमध्ये हे सगळं कायदेशीर आहे, आणि त्याच ब्रिटनच्या केटी बोल्टरने २०२५ मध्ये आपल्याला आलेल्या मरणाच्या धमक्या दाखवल्या. परवान्याने गल्ला उजेडात येतो. दात बघायची सवय तशीच राहते.

मला ह्या कायद्यात भोक दिसतं ते दुसरीकडे, आमच्याच धंद्यात. जाहिरात बंद झाली, भाकीत चालू आहे. वर स्पर्धेचा आढावा, चार ओळी खेळाडूंच्या फॉर्मवर, मधेच भाव, खाली 'आजची पक्की निवड' आणि एक लिंक. भाच्याने सकाळी वाचलं होतं ते हेच. ते लेखाचे कपडे घातलेलं दुकान आहे आणि त्याला दुकानाचाच नियम लागला पाहिजे. लिहिणाऱ्याच्या नावासकट. क्रीडा पानांनी तर स्वतःहून ठरवावं की भाव छापणार नाही, भावाचा दाखला देऊन कुणाला 'दावेदार' म्हणणार नाही. 'सट्टेबाजांची पसंती अमुक' ही बातमी आम्ही वर्षानुवर्षं छापली, कारण ती आयती यायची आणि दोन इंचांची जागा भरायची. मीही छापली. ते चुकलं.

त्या दोन इंचांत काय काय मावलं असतं! आमच्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी केंद्रावरची ट्रॅक्टरची रांग आठवते. पण मुंबईत त्याच आद्याक्षरांच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०२४ च्या फेब्रुवारीत महिलांची जागतिक दर्जाची स्पर्धा झाली आणि वाइल्ड कार्डवर आलेल्या सहजा यमलपल्लीने पहिल्या फेरीत अव्वल मानांकित केला डे हिला हरवलं. पुढच्या वर्षी तिथेच पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीत गेली. पुण्याच्या ऋतुजा भोसलेकडे आशियाई स्पर्धेचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण आहे, वैष्णवी आडकरने २०२५ ला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीत कांस्य घेतलं. ह्या मुली कुठल्या कोर्टवर वाढल्या, कुणाचा बॅकहँड कुठे गळतो, दमट मुंबईत तिसऱ्या सेटला कोण टिकेल, हे आदल्या दिवशी मराठीत वाचायला मिळालं तर अमळनेरची एखादी पोर सकाळी उठून स्कोअर शोधेल. अंदाजाचं खरं काम ते आहे. तो चुकला तरी वाचणाऱ्याच्या हाती सरकीएवढं काहीतरी राहायला हवं.

चुकण्याची भीती मात्र लिहिणाऱ्याला हवी. पैसे लावणाऱ्याचं चुकणं त्याच्या खिशाला कळतं. भाकीत टाकणारा चुकला तर संध्याकाळी पोस्ट काढून टाकतो. आपण काल काय लिहिलं होतं आणि का फसलो, हे दुसऱ्या दिवशी त्याच जागी लिहिणारा माणूस मला फार थोड्या पानांवर भेटला.

जुलैतली एक गोष्ट राहिली. विम्बल्डनच्या आधी मी एक छोटा लेख लिहिला होता आणि त्यात ठासून म्हटलं होतं की स्वियाटेकला गवत मानवत नाही. चेंडू खाली राहतो, तिच्या फोरहँडला वेळ मिळत नाही, उपांत्य फेरीच्या पुढे ती जाणार नाही. कारणं सगळी दिली होती, आणि कारणं वाईट नव्हती. १२ जुलैला अंतिम फेरीत तिने अमांडा अनिसिमोवाला ६-०, ६-० असं हरवलं. सत्तावन्न मिनिटांत. विम्बल्डनच्या महिलांच्या अंतिम फेरीत असा निकाल १९११ नंतर लागलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतातून भाच्याचा फोन आला.

"मावशी, तू लिखेल व्हतं ना, तिले गवत जमत नही?"

म्हटलं, हो रे, लिहिलं होतं.

"मंग तुना कितला गयात?"

"काहीच नाही."

तो बराच वेळ बोलला नाही. मागे कोळपणी चालली असावी. मेव्हण्याचा बैलांना हाकारण्याचा आवाज येत होता.